पिनकुशन प्रोटिआ : उपाशी मातीचे वैभव

दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला ‘प्रोटीज’ म्हणतात, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्या फुलावरून हे नाव आले ते किंग प्रोटिआ हे त्या देशाचे राष्ट्रपुष्प. त्याच कुळातील आणखी एक फूल जगभरच्या बागांत आणि फुलबाजारांत तितक्याच मानाने वावरते. शिवणाच्या डब्यातील गोल उशीला चहूबाजूंनी टाचण्या टोचून ठेवाव्यात, तसे ते दिसते. म्हणूनच इंग्रजीत त्याला ‘पिनकुशन’ म्हणतात आणि केप प्रांतातील आफ्रिकान्स भाषेतही त्याच अर्थाचे ‘स्पेल्डेकुसिंग’ हे नाव रूढ आहे. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव ल्युकोस्पर्मम.

कोरडी हवा, दिवसभर ऊन आणि हिवाळ्यात दव गोठण्याची भीती नाही, अशा बागेसाठी या झुडपाची शिफारस नेहमी केली जाते. केप टाउनच्या परिसराखेरीज कॅलिफोर्नियाचा दक्षिण किनारा, हवाईतील माउई बेटाचे डोंगरउतार, ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि ॲडलेड, इस्रायल, पोर्तुगालचे मदेरा बेट अशा ठिकाणी ते चांगले रुजले आहे. कॅलिफोर्नियात किंवा पर्थला स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना ते रोपवाटिकेत सहज मिळते. मात्र मोठ्या हौसेने आणलेले रोप वर्षा-दोन वर्षांत अचानक वाळून जाते, ही या झाडाबाबतची नेहमीची तक्रार. कारण शोधायला गेले तर दुर्लक्षापेक्षा अति काळजीच अधिक वेळा हाती लागते. गुलाब, जास्वंद किंवा भाजीपाला वाढवताना हाताला ज्या सवयी लागलेल्या असतात, त्यांतील बहुतेक येथे घातक ठरतात.

टाचण्यांमागचे गुपित

ज्याला आपण एक फूल समजतो तो वास्तविक अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. टाचण्या म्हणजे या फुलांचे लांब, चिवट कुक्षिवृंत. कळीत असताना प्रत्येक कुक्षिवृंताचे टोक पाकळीसारख्या आवरणात अडकलेले असते आणि तो धनुष्यासारखा वाकलेला असतो. परागकोश त्याच अवस्थेत आपले पराग त्या टोकावर सोडून देतात. पुढे आवरण फाटून मागे गुंडाळले जाते आणि टाचणी ताठ उभी राहते, ती टोकावर पराग घेऊनच. मधुरसासाठी आलेल्या पक्ष्याच्या डोक्याला ते पराग लागतात आणि पुढच्या फुलावर पोहोचतात. केपमधील ‘शुगरबर्ड’ हा लांब शेपटीचा पक्षी आणि सनबर्ड हे या कामाचे मानकरी. आपल्या बागेत जास्वंदीवर येणारा शिंजीर याच सनबर्ड कुळातला.

ल्युकोस्पर्ममच्या सुमारे पन्नास प्रजाती आहेत. बहुसंख्य केवळ दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला आढळतात, तर थोड्या पूर्वेकडे क्वाझुलू-नाताल ते झिम्बाब्वेच्या डोंगरांपर्यंत विखुरलेल्या आहेत. या नैर्ऋत्य टोकावरील बुटक्या, काटक झुडपांच्या रानाला ‘फिनबॉस’ म्हणतात. जगातील वनस्पतिवैविध्याचा हा एक अजोड प्रदेश. सुमारे नऊ हजार वनस्पती आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक जगात इतरत्र कुठेही न सापडणाऱ्या. २००४ मध्ये युनेस्कोने येथील संरक्षित क्षेत्रांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

एवढी समृद्धी ज्या मातीवर उभी आहे ती माती मात्र कमालीची दरिद्री आहे. टेबल माउंटनसारख्या वालुकाश्माच्या डोंगरांची झीज होऊन बनलेली ही वाळूसर, आम्लधर्मी जमीन. तिच्यातील पोषणद्रव्ये लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन नेलेली. विशेषतः स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, अगदीच नगण्य. या उपासमारीवर प्रोटिआ कुळाने एक युक्ती शोधली. पावसाळ्यात पालापाचोळ्याच्या थराखाली त्यांना केसासारख्या बारीक मुळांचे दाट झुबके फुटतात. या झुबक्यांतून सेंद्रिय आम्ले पाझरतात आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटलेले स्फुरद सुटे होते. ऑस्ट्रेलियातील संशोधक हेलन पर्नेल यांनी १९६० मध्ये या मुळांचे सविस्तर वर्णन करून त्यांना ‘प्रोटिऑइड मुळे’ हे नाव दिले.

सारी मेख येथे आहे. बहुतेक झाडांना पुरेसे स्फुरद मिळाले की ती शोषण आवरते घेतात. या कुळातील अनेक झाडांना मात्र तो आवर घालता येत नाही. पिढ्यान् पिढ्या उपाशी राहिलेल्या झाडाला ‘पुरे’ म्हणण्याची वेळच आली नव्हती. खताच्या रूपाने समोर आलेले स्फुरद ती ओढत राहतात, ते पानांत साठते आणि विषासारखे काम करते. पानांच्या कडा करपतात, नवी पालवी पिवळी पडते, अखेरीस झाड जाते. पिवळी पालवी पाहून बागमालक आणखी खत घालतो, हे ओघाने आलेच.

त्यामुळे सुपर फॉस्फेट, डीएपी, १९:१९:१९ सारखी मिश्रखते, हाडांचा चुरा आणि कोंबडीखत यांतील काहीही या झुडपाच्या आसपास येऊ देऊ नये. सेंद्रिय आहे म्हणून बोनमील चालेल, हा समज विशेष घातक. शेणखताचाही मोह टाळावा. वर्षानुवर्षे गुलाबाला किंवा भाजीला खत दिलेला जुना वाफा तर या झाडासाठी मुळीच निवडू नये, कारण मातीत मुरलेले स्फुरद सहजासहजी निघून जात नाही. बागेच्या ज्या कोपऱ्याकडे आजवर कुणी लक्ष दिले नाही, तोच येथे सर्वोत्तम.

लंडनच्या काचघरांतील धडा

या कुळाच्या लागवडीचा इतिहासही रंजक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस केपहून आलेल्या बियांनी युरोपातील धनिकांना वेड लावले. लंडनजवळ क्लॅपहॅम येथे जॉर्ज हिबर्ट या व्यापाऱ्याच्या काचघरांत प्रोटिआ कुळाचा मोठा संग्रह होता. त्याचा माळी जोसेफ नाइट याने १८०९ मध्ये त्यांच्या लागवडीवर पुस्तक लिहिले. पुस्तकातील लागवडीचा भाग त्रोटक होता. गाजला तो वर्गीकरणाचा भाग. तो रिचर्ड सॅलिसबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहिला होता आणि त्याच वर्षी लिनियन सोसायटीत रॉबर्ट ब्राउन यांनी वाचलेल्या निबंधातील माहिती त्याने ऐकून, लक्षात ठेवून त्यात घुसडली, असा आरोप झाला. ब्राउन यांचा निबंध १८१० मध्ये छापून आला. सॅलिसबरीला समव्यावसायिकांनी वाळीत टाकले. ल्युकोस्पर्मम हे ब्राउन यांनी दिलेले नावच पुढे मान्य झाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पांढरे बी’.

बागकाम करणाऱ्यांच्या दृष्टीने यापुढील भाग महत्त्वाचा. त्या काळातील काचघरे भिंतीतून फिरवलेल्या गरम धुराड्यांनी तापवली जात. त्यामुळे आतली हवा उबदार आणि कोरडी राही. नंतर गरम पाण्याच्या नळ्यांची पद्धत आली, काचघरे दमट झाली. ऑर्किड आणि ताडमाड खूश झाले आणि प्रोटिआ मात्र मागे पडत गेले. थंडीपेक्षा दमट उष्मा या झाडांना अधिक मारक आहे, हे तेव्हाच दिसून आले होते.

कोरडे हवामान, पण कोणत्या ऋतूत?

‘कोरडी, दव न गोठणारी बाग’ हे वर्णन आपल्याकडील सासवड, बारामती किंवा नगर पट्ट्यालाही वरवर लागू पडते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेवढा अपवाद वगळता महाराष्ट्राच्या बहुतांश भागाला गोठणाऱ्या थंडीचा प्रश्न नाही. मग पिनकुशन आपल्याकडे सर्रास का दिसत नाही?

उत्तर पावसाच्या प्रमाणात नसून त्याच्या ऋतूत आहे. केप टाउनला पाऊस मुख्यतः मे ते ऑगस्ट या काळात, म्हणजे तेथील हिवाळ्यात पडतो. त्या वेळी तापमान साधारण ७ ते १८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. उन्हाळा जवळपास कोरडा आणि वाऱ्याचा. थोडक्यात, माती ओली असते तेव्हा ती थंड असते आणि तापते तेव्हा ती कोरडी असते. पुण्यात नेमके उलट. वर्षभराचा सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि तेव्हा माती ओली व उबदार अशी दोन्ही असते.

ओल्या आणि उबदार मातीत ‘फायटॉप्थोरा सिनॅमोमाय’ नावाचा बुरशीसदृश जीव फोफावतो. त्याचे बीजाणू मातीतील पाण्यात चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. मुळे कुजतात, पाणी वर चढत नाही आणि झाड उभ्याउभ्या कोमेजते. ते तहानलेले आहे असे समजून आपण पुन्हा पाणी घालतो. या रोगाने ग्रासलेले झाड वाचवणे जवळपास अशक्य असते. त्यात आपल्या काळ्या जमिनीचा सामू अल्कधर्मी, निचरा मंद आणि उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा मुळे तोडणाऱ्या. कोकणातील जांभा आम्लधर्मी असला तरी तेथील पावसाचा जोर या झाडाला सोसणारा नाही. तेव्हा मुंबई-पुण्याच्या वाचकांनी हे झुडूप जमिनीत लावण्याचा खटाटोप न केलेला बरा, असेच प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. त्याच कुळातील सिल्व्हर ओक मात्र आपल्याकडे रस्तोरस्ती आहे. पूर्व ऑस्ट्रेलियातून आलेल्या या वृक्षाला उन्हाळी पावसाची सवय आहे. त्याच्या सोनेरी-नारिंगी फणीसारख्या फुलोऱ्यातून बाहेर डोकावणारे वाकडे दांडे जवळून पाहिले, तर पिनकुशनशी असलेले नाते लगेच ओळखू येते.

जातींची निवड

केपसारखे, म्हणजे हिवाळी पावसाचे आणि कोरड्या उन्हाळ्याचे हवामान जेथे आहे तेथे मात्र निवडीला भरपूर वाव आहे. सर्वाधिक लागवड होते ती ल्युकोस्पर्मम कॉर्डिफोलियमची. दीड-दोन मीटर उंचीचे, आडवे पसरणारे झुडूप. नारिंगी ते लालसर फुलांनी वसंतात अक्षरशः झाकून जाते. कोरडेपणा अधिक असेल तर सीडरबर्ग डोंगरांतील ल्यु. रिफ्लेक्झम निवडावे. त्याची पाने राखाडी, उंची तीन मीटरपर्यंत आणि फुलाच्या टाचण्या खाली वळलेल्या, त्यामुळे उडालेल्या अग्निबाणासारखे दिसते. केप द्वीपकल्पातील ल्यु. कोनोकार्पोडेन्ड्रॉन हे छोटेखानी झाडच होते. जाड सालीमुळे ते वणव्यातूनही तग धरते.

जमीन चुनखडीची असेल तर बहुतेक प्रजाती लोह न मिळाल्याने पिवळ्या पडतात. अपवाद ल्यु. पॅटरसोनायचा. हे किनाऱ्यालगतच्या चुनखडीवरच वाढते, म्हणून कलमांसाठी खुंट म्हणूनही त्याचा उपयोग होतो. कॉर्डिफोलियमशी त्याचा संकर करून तयार झालेली पिवळी ‘हाय गोल्ड’ ही जात प्रसिद्ध आहे. ‘स्कार्लेट रिबन’ हा ग्लॅब्रम आणि टोटम या प्रजातींचा, तर ‘टँगो’ हा ग्लॅब्रम आणि लिनिअरे यांचा संकर. नवशिक्याने मूळ प्रजातींपेक्षा अशा संकरित जातींपासून सुरुवात करावी. त्या बागेतील जीवनाला अधिक सरावलेल्या असतात.

या झाडांना बागेत आणण्याचे बरेचसे श्रेय दक्षिण आफ्रिकेच्या मारी फोख्त्स यांना जाते. त्यांनी रानोमाळ हिंडून उत्तम वाण हेरले आणि १९५८ मध्ये प्रोटिआंच्या ओळखीवर व लागवडीवर पुस्तक लिहिले. पुढे १९७२ मध्ये जॉन रुर्क यांनी या प्रजातींचा शास्त्रशुद्ध आढावा घेतला. हवाई विद्यापीठानेही माउई बेटावरील कुला येथे नवे संकर तयार करण्याचे काम केले.

लागवड आणि पाणी

लागवड शरद ऋतूत, पहिल्या पावसाच्या सुमारास करावी. केपमध्ये हा काळ एप्रिल-मे, तर कॅलिफोर्नियात ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळा येण्यापूर्वी मुळांना खोल उतरायला अवधी मिळतो. जागा दिवसभर उन्हाची आणि वारा खेळता राहील अशी हवी. भिंतीच्या कोंडलेल्या कोपऱ्यात पानांवर बुरशी येते. उतार असल्यास उत्तम, नसल्यास भरड वाळू आणि माती मिसळून फूट-दीड फूट उंचीचा वाफा करावा. निचरा तपासण्यासाठी फूटभर खड्डा पाण्याने भरून पाहावा. तासाभरात पाणी उतरले नाही तर दुसरी जागा शोधावी.

पिशवीतून रोप काढताना मातीचा गोळा फुटू देऊ नये आणि मुळे मोकळी करण्याच्या फंदात पडू नये. खड्ड्यात काहीही न घालता रोप बसवावे. मातीचा गोळा सभोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित वर राहावा. आपल्याकडे झाड लावले की आळे करण्याची पद्धत आहे. येथे आळे करू नये, कारण बुंध्याशी पाणी साचणे म्हणजे मूळकुजीला आमंत्रण. त्याऐवजी लाकडाच्या भरड ढलप्यांचे किंवा पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्यापासून वीतभर लांब ठेवावे. आच्छादनामुळे तणही कमी होते आणि ही बाब महत्त्वाची आहे, कारण या झाडाभोवती खुरपणी वर्ज्य. ती बारीक मुळे अगदी वरच्या थरात असतात. तण हातानेच, जमिनीलगत कापून काढावे.

पाण्याच्या बाबतीत गैरसमज अधिक. ‘दुष्काळात तगणारे झाड’ म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात त्याला वाऱ्यावर सोडले तर ते जगत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा, सकाळी, मुळांशी भरपूर पाणी द्यावे. पाने भिजवू नयेत. रोज थोडे थोडे पाणी देणे सर्वांत वाईट. त्याने मुळे वरच राहतात. तिसऱ्या वर्षापासून हात आखडता घ्यावा आणि फार लांबलेल्या कोरड्या काळातच खोल पाणी द्यावे. हिरवळीच्या तुषार सिंचनाच्या टप्प्यात हे झाड मुळीच येऊ नये. हिरवळीला पाणीही रोज लागते आणि खतही.

अशा काटकसरी झाडांचे मोल केप टाउनला २०१८ मध्ये नव्याने कळले. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर शहराचे नळ बंद करण्याची वेळ, ‘डे झीरो’, समोर दिसू लागली आणि फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा घालण्यात आली. बागेला पालिकेचे पाणी घालण्यास मनाई होती. हिरवळी जळाल्या, पण मूळ धरलेली रानझुडपे उभी होती.

थंडीबाबत थोडक्यात सांगायचे तर मोठे झाड शून्याखाली दोन-तीन अंशांचा अल्पकाळ मारा सोसते, लहान रोपे आणि कळ्या मात्र करपतात. ज्या रात्री तशी शक्यता असेल त्या रात्री रोपावर कापड घालावे.

छाटणी, बिया आणि मुंग्या

फुले आधीच्या हंगामातील फांद्यांवर येतात. त्यामुळे बहर संपल्याबरोबर लगेच छाटणी करावी, उशीर केल्यास पुढच्या वर्षीची फुले कापली जातात. कापताना फांदीवर चार बोटे तरी हिरव्या पानांचा भाग ठेवावा. पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलेली फांदी सहसा पुन्हा फुटत नाही. पहिल्या वर्षी शेंडे खुडले तर झाड भरदार होते.

रोपे बहुधा छाटकलमांपासून करतात. अर्धपक्व फांदीचे वीतभराहून लहान तुकडे, मुळे फुटण्याचे संजीवक आणि खालून ऊब दिलेली वाळूसर माती, अशी ती पद्धत. बियांपासून रोपे करणे संयमाचे काम, पण त्यामागचे निसर्गाचे गणित थक्क करणारे आहे. बी पिकून गळते तेव्हा त्यावर पांढरे, गरयुक्त आवरण असते. ब्राउन यांच्या ‘पांढऱ्या बी’चा उगम तोच. मुंग्यांना हा गर आवडतो. त्या बी वारुळात ओढून नेतात, गर खातात आणि गुळगुळीत, कठीण बी तिथेच राहते. उंदरांपासून आणि आगीपासून ते सुरक्षित. दहा-पंधरा वर्षांनी वणवा येतो, झुडपे जळतात, सावली नाहीशी होते. उघड्या पडलेल्या जमिनीत दिवस तापू लागतात, रात्री गारठू लागतात आणि जमिनीतील बियांना जाग येते. रोपवाटिकेत याच स्थितीची नक्कल करतात. बी एक टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात दिवसभर भिजवून, वरचे आवरण चोळून काढून शरदात पेरतात. दिवसा सुमारे २४ आणि रात्री ९ अंश तापमान त्यांना मानवते. धुरानेही फिनबॉसमधील अनेक बिया जाग्या होतात, हे कर्स्टनबॉश उद्यानातील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले.

या साखळीचा एक दुवा आता धोक्यात आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली अर्जेंटिनी मुंगी केपमधील स्थानिक मुंग्यांना हुसकावून लावते. ती गर खाते, पण बी पुरत नाही. उघड्यावर राहिलेले बी उंदीर फस्त करतात किंवा ते आगीत जळते. १९८४ मध्ये बॉन्ड आणि स्लिंग्सबी या अभ्यासकांनी पिनकुशनच्या भाऊबंदांपैकी एका झुडपावर हे सिद्ध केले. त्यात शेती, शहरांची वाढ आणि परदेशी वृक्षांचे आक्रमण यांची भर पडून ल्युकोस्पर्ममच्या अनेक रानटी प्रजाती आज संकटग्रस्तांच्या यादीत आहेत. त्यामुळे रोपे विकत घेताना ती रोपवाटिकेत वाढवलेली आहेत, रानातून उपटलेली नाहीत, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.

फुलदाणीत ठेवण्यासाठी फुले कापायची तर निम्म्या टाचण्या ताठ झालेल्या असताना सकाळी कापावीत. खालची पाने काढून, पाणी वेळोवेळी बदलले तर ती दोन-तीन आठवडे सहज टिकतात. बागेतील झाडाचे आयुष्य मात्र फार मोठे नसते. साधारण दहा वर्षांनी ते थकू लागते, आतल्या फांद्या उघड्या पडतात. तेव्हा ते मुळासकट उपटू नये, शेजारच्या झुडपांची मुळे दुखावतात. बुंधा जमिनीलगत करवतीने कापावा, आणि नवे रोप त्याच खड्ड्यात न लावता दोन-तीन मीटर सोडून लावावे.